झुलाल नानांचा डावा पाय

एरंडोलच्या जुन्या पेठेत झुलाल नानांची पिठाची गिरणी आहे आणि गिरणीला लागून फरशीचा एक ओटा आहे. गिरणीत दळण मिळतं आणि ओट्यावर लाथ. दळणाचे पैसे पडतात, लाथ फुकट असते.

नाना पायाळू होते. पायाळू म्हणजे जो आईच्या पोटातून डोक्याऐवजी पायांकडून जगात आला, तो. अशा माणसाच्या पायात गुण असतो, असं आपल्याकडे मानतात. कंबरेत उसण भरली, चमक निघाली, की सकाळी अनशापोटी त्याच्यापुढे पालथं पडायचं. त्यानं डाव्या पायानं दुखऱ्या जागी लाथ मारायची आणि उसणीनं पळून जायचं. जन्माला येताना माणूस उलटा यावा की सुलटा, हे काही त्याच्या कर्तबगारीवर ठरत नाही. पण नानांनी त्याचं श्रेय जन्मभर घेतलं होतं, अगदी अभ्यास करून पहिला नंबर काढल्यासारखं. लग्नात त्यांना पुढची खुर्ची मिळे. पंगतीत वाढप्याला सांगितलं जाई, "तिकडे आधी वाढ रे, पायाळू नाना बसले आहेत." तालुक्यातल्या मोठमोठ्या माणसांच्या पाठीला आपला पाय लागला आहे, हे ते अशा थाटात सांगत की ऐकणाऱ्याला आपली पाठ न दुखल्याची लाज वाटावी.

ओट्याच्या पलीकडच्या खोलीवर मात्र एक निराळी पाटी होती. ती नानांच्या सुनेची, ज्योत्स्नाची. धुळ्याला शिकून ती फिजिओथेरपिस्ट झाली होती, आणि नानांचा मुलगा जितेंद्र गिरणी सांभाळत असल्यामुळे तिनं इथंच दवाखाना थाटला होता. दवाखान्यात गादी घातलेलं टेबल होतं, रबरी पट्टे होते, भिंतीवर माणसाच्या पाठीच्या कण्याचं मोठं चित्र होतं. एवढं सगळं होतं. नव्हते ते पेशंट. कंबर धरून आलेला माणूस आधी ओट्यावर थांबे आणि लाथ खाऊन घरी जाई. चुकून एखादा पुढे गेलाच तर चित्र पाहून विचारी, "ताई, हाडांची झेरॉक्स इथं मिळते का?"

नाना ओट्यावरून ऐकू जाईल असं म्हणत, "गावात लाथ फुकट मिळते, आणि आमची सून कवायत विकायला बसली आहे."

ज्योत्स्ना हसून सोडून देई. तिचं हसू सोडून दिल्याचं नसून साठवून ठेवल्याचं होतं, हे नानांना फार पुढं कळलं.

आषाढ संपत आला होता तेव्हाची गोष्ट. सकाळी ओट्यावर अभिमन आला. त्याचं खत-बियाण्यांचं दुकान होतं. त्याच्या दुकानात दिवसभर पोती हलत, अभिमन तेवढा हलत नसे. फिरत्या खुर्चीत तो सकाळी बसे तो जेवायलाच उठे, आणि ते उठणंही त्याला जिवावर येई. पोटाचा घेर टेबलाला टेकला होता. अशा माणसाचा मोबाइल खुर्चीखाली पडला आणि तो उचलायला तो बसल्या बसल्या वाकला. मोबाइल हाती आला, कंबर खालीच राहिली.

"नाना, जरा दणक्यात मारा," फरशीवर पालथं पडत अभिमन म्हणाला. "माझी उसण साधी नाही."

"तू तरी कुठं साधा आहेस?" नाना म्हणाले.

रांगेतले लोक हसले. लोक हसले की नानांना चेव यायचा. त्यांनी ओट्याचा खांब धरला, उजव्या पायावर उभे राहिले, कंबर मागे पिळली आणि डावा पाय झोकात हाणला. "कट्" असा आवाज झाला.

"ऐकलं का!" अभिमन ओरडला. "गेली! आवाज देऊन गेली!" तो उठून बसला, मग उभा राहिला. इकडे वळून पाहिलं, तिकडे वळून पाहिलं. "वा नाना! तुमच्या पायाला तोड नाही."

आवाज नानांच्या कंबरेतून आला होता.

नानांचा डावा पाय वीतभर वर तरंगत होता, तो खाली येईना. हात खांबाला घट्ट, डोळे मिटलेले, कपाळावर घाम. रांगेतल्या एका बाईनं हात जोडले. "नानांचं ध्यान लागलं," ती हळूच म्हणाली. पाठोपाठ सगळ्यांनीच हात जोडले. भुवयांपर्यंत पिठानं माखलेला जितेंद्र बाहेर येऊन पाहतो तो बाप नटराजासारखा उभा आणि गाव त्याच्यापुढे नतमस्तक.

"नाना, चहा आणू?"

"मला आत ने," ओठ न हलवता नाना म्हणाले. "आणि हसत हसत ने."

पायाळूची कंबर धरणं म्हणजे नुसतं दुखणं नव्हतं. ज्या पायानं गावाची उसण काढली, तो पाय धन्याच्या कंबरेला उपयोगी पडेना, हे गावाला कळलं असतं तर लग्नातली खुर्ची, पंगतीतला मान, ओट्यावरची रांग, सगळंच गेलं असतं. म्हणून जितेंद्रनं बाहेर सांगितलं, की नाना अनुष्ठानाला बसले आहेत. खरं तर नाना निजले होते.

त्यात वेळही वाईट आली होती. श्रावणात कानबाई बसते. खानदेशात घरोघर या देवीचा मान. रविवारची रात्र जागवायची, सोमवारी बायका कानबाईला डोक्यावर घेऊन नदीला निघतात, पुढे वाजंत्री आणि त्यापुढे पोटरीत गोळे येईपर्यंत नाचणारी पोरं. वर्षभर पायरी न चढलेली माणसंही त्या दिवशी फुगडी घालतात. त्यामुळे मंगळवारी सकाळी अख्ख्या पेठेची कंबर धरलेली असते आणि नानांच्या ओट्यावर वर्षातली सगळ्यांत मोठी रांग लागते. त्या मंगळवारी नाना उभे राहायलाच हवे होते.

मग सुरू झाले गुप्त उपचार. मोबाइलवर जाहिरात पाहून तेल मागवलं. त्या तेलात किती वनस्पती होत्या कोण जाणे, वास मात्र एकाच गोष्टीचा येत होता, जळक्या टायरचा. मग कंबरपट्टा आला. नानांनी तो इतका आवळला की कंबर तशीच राहिली आणि जेवण जाईनासं झालं. औषधाच्या दुकानातून जितेंद्रनं "पाहुण्यांसाठी" म्हणून दुखणं मारायच्या गोळ्या आणल्या. नानांनी त्या रिकाम्या पोटी घेतल्या आणि कंबरेच्या जोडीला पोटही पेटलं. पण सगळ्यांत मोठा उपचार म्हणजे पडून राहणं. नाना कूस बदलायलाही माणूस बोलावत. जितकं निजत तितकी कंबर आखडे, आणि जितकी आखडे तितकं ते आणखी निजत.

गादीचा दोष असेल म्हणून मागच्या दारानं खाजा पिंजाऱ्याला बोलावलं. खाजाच्या घरी तीन पिढ्या कापूस पिंजण्याचा धंदा. त्यानं गादी दोन बोटांनी दाबली आणि मयताला आल्यासारखा चेहरा केला.

"नाना, कापूस मेलाय यातला. एवढे दिवस तुम्ही मुडद्यावर झोपताय."

गादी पिंजून, भरून, फुगवून आली. नाना तिच्यावर निजले. दुसऱ्या दिवशी कंबर जास्तच दुखू लागली. पुन्हा खाजाला बोलावणं गेलं.

"आता कापसाकडे बोट दाखवू नका नाना," खाजा म्हणाला. "कापूस नवा झाला. जुनं आता फक्त वर झोपणारं माणूस." आणि गादीपासून उठताना स्वतःच्याच कंबरेवर हात ठेवत तो विव्हळला, "या अल्ला! नाना, अनुष्ठान सुटलं की एक लाथ माझ्या नावची बाजूला ठेवा."

शेवटी एकच वाट उरली. पायाळूची उसण दुसरा पायाळूच काढू शकतो, असं नानांच्या मनानं घेतलं. भडगावला वना नावाचा एक पायाळू होता. पण वना म्हणजे हाडवैरी. नाना त्याच्याविषयी नेहमी म्हणत, "त्याचा एकच पाय आधी आला होता, दुसऱ्यानं विचार बदलला." त्या वनापुढे पालथं पडायचं? त्यापेक्षा तेलाचा वास बरा.

अशा पेचात नाना पडलेले असताना साक्रीकडून त्यांची थोरली बहीण मोगराबाई आली. कानबाईसाठी ती दरवर्षी माहेरी येई. सत्तरी कधीच ओलांडलेली, पण साक्रीच्या बाजूच्या डोंगरातली शेती अजून स्वतः पाहणारी. पाठ अशी ताठ की भिंतीला टेकून बसायची तिला सवयच नव्हती. भाऊ-बहीण एकत्र आले की अहिराणीत बोलत; त्यात 'का'चं 'काब्र' होई आणि 'सगळा'चं 'बठ्ठा'.

"काय रे झुलाल, आडवा काब्र पडेल शे?"

"अनुष्ठान शे, अक्का."

अक्कानं नाक वर करून हवा हुंगली. "अनुष्ठानले तेलना वास येस का?"

नानांचा धीर सुटला. "कंबर दुखस, अक्का. उठता येत नही. मंगळवारले बठ्ठा गाव दारमा उभा राही. भडगावना वनाकडे जाऊ का? पायाळू लागस ना!"

हे ऐकून अक्का हसायला लागली. हसता हसता तिनं पदर तोंडात कोंबला, तरी हसू थांबेना. स्वयंपाकघरातून ज्योत्स्ना धावत आली, तिला वाटलं आत्याला ठसका लागला.

"वनाकडे काब्र जास?" डोळे पुसत अक्का म्हणाली. "पायाळू घरमाच शे. मी शे."

"तू?"

"मन्हा पाय पहिले उनात. तुन्हं ते डोकंच उनं, आनि तेबी केवढं मोठं!"

नाना आढ्याकडे पाहत राहिले. मग अक्कानं सगळं सांगितलं. तिच्या जन्माच्या वेळी सुईणीनं वडिलांना आनंदानं सांगितलं होतं, की पोरगी पायाळू आहे. वडील विचारात पडले. उद्या मुलगी मोठी होणार, गावातले बाप्ये तिच्यापुढे पालथे पडणार, तिनं त्यांच्या पाठीवर पाय द्यायचा! सासरचे काय म्हणतील? वडिलांनी सुईणीला लुगडं दिलं आणि गप्प बसवलं. पुढे झुलालचा जन्म झाला, चारचौघांसारखा डोक्याकडून. गुण घरात आलाच आहे तर वाया कशाला घालवा, म्हणून वडिलांनी तो मुलाच्या नावावर करून टाकला, जसं शेत करतात तसा. आईनं मरताना तेवढं लेकीच्या कानावर घातलं होतं.

"आनि तू इतला वरीस बोलनी काब्र नही?"

"मले कोन इचारस?" अक्का म्हणाली. तेवढं बोलताना मात्र ती हसली नाही.

 गावाची फसवणूक झाली याचं त्यांना तितकंसं वाटलं नाही. एक दुसरीच गोष्ट त्यांना टोचू लागली. त्यांनी दाराशी उभ्या असलेल्या सुनेकडे पाहिलं.

"ज्योत्स्ना, माझ्या पायात गुण नव्हता. मग इतकी माणसं बरी कशी झाली?"

"नाना, साधी उसण असेल तर बहुतेकांची पाठ थोड्या दिवसांत, फार तर काही आठवड्यांत, आपली आपणच बरी होते."

"मग माझी लाथ?"

ज्योत्स्नानं जरा विचार केला. सासऱ्याला दुखवायचं नव्हतं आणि खोटंही बोलायचं नव्हतं. "लाथेनं वेळ छान जातो, नाना," ती म्हणाली.

तिनं तपासायचं म्हटलं तेव्हा नाना बिचकले. सुनेनं सासऱ्याच्या कंबरेला हात लावायचा? अक्कानं त्यांना तिथंच पकडलं. "तू बठ्ठा गावनी पाठवर पाय ठेवस, आनि सूननं बोट लागनं ते बाट लागस का?"

नाना मुकाट्यानं दवाखान्याच्या टेबलावर गेले, अर्थात मागच्या दारानं. ज्योत्स्नानं त्यांना टाचांवर चालायला लावलं, चवड्यांवर चालायला लावलं, निजवून एकेक पाय वर उचलून पाहिला. मग विचारलं, पायात मुंग्या येतात का, पाऊल उचलायला जड जातं का, लघवी अडते का, बसायच्या जागी बधिर वाटतं का, ताप येतो का, वजन घटलंय का.

"कंबर दुखते म्हटलं मी," नाना चिडले. "लघवीची चौकशी कशाला?"

"कारण यातल्या कशालाही 'हो' आलं तर आधी डॉक्टर, मग व्यायाम. आणि पाऊल लुळं पडलं किंवा लघवी अडली, तर नस दाबली गेल्याची शंका घ्यायची. तेव्हा तेल नाही, शेक नाही, लाथ तर नाहीच. त्याच पावली मोठं हॉस्पिटल. उशीर झाला तर पाय कायमचा जातो. तुमचं तसं काही नाही. तुमचा स्नायू दुखावला आहे."

"कशानं?"

ज्योत्स्नानं खिडकीबाहेर बोट दाखवलं. कानबाईचा मांडव उभा राहत होता. "तो बांबू पाहा, नाना. एकटा उभा आहे असं वाटतं, पण चारी बाजूंनी दोर ताणले आहेत म्हणून उभा आहे. पाठीचा कणा म्हणजे तो बांबू, आणि पोटाचे, पाठीचे, मांड्यांचे स्नायू म्हणजे ते दोर. अभिमनभाऊंचे दोर बसून बसून ढिले पडले, म्हणून मोबाइल उचलताना बांबू कलला. जितेंद्र गुडघे न वाकवता पोतं उचलतात, त्यांचा मागचा दोर रोज एकटाच सगळा भार ओढतो. खाजाचाचा दिवसभर वाकून शिवतात. आणि तुम्ही..." ती थांबली.

"बोल, बोल."

"तुम्ही रोज सकाळी एका पायावर उभं राहून, कंबर पिळून, झोका देता. सगळा ताण एकाच बाजूला. नाना, तुमची कंबर लाथेनंच गेली."

आयुष्यभर जिनं मान दिला तिनंच कंबर खाल्ली, हे पचायला नानांना एक दिवस लागला. दुसऱ्या दिवशी ते मागच्या दारानं आपणहून आले.

ज्योत्स्नानं पहिल्यांदा त्यांचा बिछाना गुंडाळला. "पडून राहायचं नाही. जमेल तेवढं चालायचं, थोडं थोडं वाढवत न्यायचं." कंबरपट्टा काढला, तेल मोरीत गेलं. गरम पाण्याच्या पिशवीचा शेक दिला. गोळी डॉक्टरला विचारून, जेवणानंतर आणि थोडेच दिवस. मग व्यायाम. उताणं निजून एकेक गुडघा छातीशी घ्यायचा. गुडघे उभे ठेवून कंबर हळूच वर उचलायची, थांबायचं, खाली आणायची. हातापायांवर ओणवं होऊन पाठ मांजरासारखी वर काढायची, मग खाली सोडायची.

"या वयात मांजर?" नाना म्हणाले.

"नटराजापेक्षा बरं," दळणाचा डबा घेऊन जाणारा जितेंद्र दारातून म्हणाला.

"तू आधी गुडघे वाकव," नाना गरजले, "मग बोल!"

कानबाई येईपर्यंत नाना चालू लागले, वाकू लागले. हळूहळू दुखणं ओसरलं. आता गंमत अशी झाली, की लाथ मारायला कंबर तयार होती आणि ती मारण्यात अर्थ नाही हे डोक्याला कळलं होतं. पण खुर्ची, पंगत, रांग? नानांनी मनाशी तोड काढली. मंगळवारी नुसता अंगठा टेकवायचा, झोका द्यायचा नाही. लोक आपोआप बरे होतीलच. कुणाचं काय जातं?

सोमवारी कानबाई वाजतगाजत गेली. अभिमननं भर चौकात फुगडी घातली.

मंगळवारी रांग गिरणीच्या पुढपर्यंत गेली. अनुष्ठान करून आलेला पाय म्हणून आज मान विशेष होता. अभिमन पहिला होता. नानांनी अंगठा टेकवला. "आज हलका लागला, पण आतपर्यंत गेला," अभिमन म्हणाला आणि भाव खात बाजूला बसला. नाना मनातल्या मनात हसले. हे तर जन्मभर चालेल!

तेवढ्यात तनवीर आला. केळीच्या गाड्या भरणारा हमाल, हाडापेरानं मजबूत. बायकोच्या, सलीमाच्या खांद्यावर भार टाकून तो पाय ओढत येत होता. रांगेनं त्याला पुढे सोडलं. चालता चालता त्याची उजव्या पायातली चप्पल निसटून मागे राहिली. तनवीर तसाच पुढे आला. चप्पल गेल्याचं त्याला कळलंच नव्हतं.

नानांनी त्या चपलेकडे पाहिलं, मग पावलाकडे. पाऊल फरशीवर ओल्या फडक्यासारखं पडत होतं.

"तनवीर, पाऊल वर उचल बरं."

"उचलत नाही, नाना. घड उचलताना कंबरेत कळ आली, आणि कालपासून पाय असा झाला. लाथ मारा, होईल नीट." आणि तो पालथं पडू लागला.

"थांब. लघवी होते का?"

ओट्यावर खसखस पिकली. तनवीरनं मान खाली घातली. सलीमा हळू आवाजात म्हणाली, "रात्रीपासून नाही, नाना. लाज वाटते म्हणून सांगत नाहीत."

नाना ताडकन म्हणाले, "जळगावला जा. मोठ्या हॉस्पिटलात. आत्ताच्या आत्ता."

"जातो ना," तनवीर म्हणाला. "आधी लाथ मारा. गुण आला तर जायचं कशाला? नाही आला तर उद्या जाऊ."

"मारा की, नाना!" अभिमन म्हणाला. "एका लाथेत काम होतं ते. गरीब माणूस, जळगावला कशाला पिटाळता?"

"मारा, मारा," रांग म्हणाली.

नानांचा पाय उचलला गेला. नुसता अंगठा तर टेकवायचा होता. पण अंगठा टेकला की हा समाधानानं घरी जाऊन निजणार, आणि उद्यापर्यंत पाय गेलेला असणार. दवाखान्याच्या दारात ज्योत्स्ना उभी होती. तिच्या मागे अक्का. 

नानांनी पाय खाली ठेवला.

"मी मारणार नाही."

"का? माझं काय चुकलं, नाना?" तनवीरचा आवाज रडवेला झाला.

"अरे बाबा, मी पायाळू नाहीच!" नाना ओरडले. "मी डोक्याकडून आलो. सगळे येतात तसाच. माझ्या पायात काही नाही, कधी नव्हतं. माझीच कंबर धरली होती, म्हणून अनुष्ठान. पायाळू ही आमची अक्का आहे!"

  मग रांगेनं एकजात मान वळवली आणि नानांच्या आयुष्यातला सगळ्यांत मोठा कबुलीजबाब बाजूला सारून ती मोगराबाईला म्हणाली, "अक्का, मग तुम्ही मारा!"

नानांनी कपाळाला हात लावला. अक्का पुढे आली. तिनं तनवीरकडे पाहिलं, पदर खोचला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "मन्हा पाय आसा तसा चालत नही. पहिले जळगाव. तठे डॉक्टर काय सांगस ते करानं. मंग मन्हाकडे. आनि अभिमन, गाडी काढ!"

"मी? माझी कंबर..."

"तुन्ही कंबर आत्तेच बरी व्हयनी ना? बठ्ठासनी आयकं."

अभिमन गाडी काढायला गेला. आधी कोणी बसायचं आणि तनवीरला मागच्या सीटवर कसं निजवायचं, हे ज्योत्स्नानं सांगितलं आणि ती स्वतः सोबत गेली. जळगावला तनवीरचं लगेच ऑपरेशन झालं. मणक्यातली गादी सरकून नस दाबली गेली होती. वेळेत आणलंत, असं डॉक्टर म्हणाले.

नानांना वाटलं होतं, खरं बोललो, आता गाव एक तर दगड मारील, नाही तर पाया पडेल. गावानं दोन्ही केलं नाही. गाव फक्त रागावलं, आणि तेही भलत्याच गोष्टीवर. अभिमन दुसऱ्या दिवशी गिरणीत आला आणि म्हणाला, "नाना, तुम्ही पायाळू नव्हतात तर माझी उसण दरवर्षी कशी गेली?"

"आपोआप."

"आपोआप?" अभिमनचा चेहरा पडला. "एवढं दुखणं माझं, आणि ते आपोआप जाणार? मी काय असातसा माणूस आहे?" तो जो गेला तो दळण दुसऱ्या गिरणीत नेऊ लागला. फसवल्याबद्दल त्यानं नानांना माफ केलं असतं. दुखणं किरकोळ होतं असं सांगितल्याबद्दल नाही केलं.

अक्का साक्रीला परत गेलीच नाही. गावानं जाऊ दिलं नाही. ओट्यावर आता तिची रांग लागते. पण तिचा नियम कडक आहे. आधी ज्योत्स्नाकडे जायचं, ती सांगेल ते महिनाभर करायचं, एक दिवसही चुकवायचा नाही, नाही तर पायाचा गुण उतरतो. महिन्यानं यायचं, मग लाथ. आणि पाय लुळा, लघवी बंद, असं काही असलं तर पहिले जळगाव. ज्योत्स्नाच्या टेबलाला आता उसंत नसते. महिन्यानं माणसं चालत, वाकत, हसत ओट्यावर येतात, अक्का पायाचा अंगठा टेकवते आणि माणसं म्हणतात, "वा अक्का! तुमच्या पायाला तोड नाही." अक्काची लाथ अजून एकदाही वाया गेलेली नाही. भडगावच्या वनानं धंदा बंद केला, असं ऐकतो.

"आत्या, ते बरे व्यायामानं होतात आणि नाव तुमच्या पायाचं," ज्योत्स्ना एकदा लटक्या रागानं म्हणाली.

"मन्हा पायनं नाव इतला वरीस झुलालनं लिधं," अक्का म्हणाली. "थोडा दिन मले घेऊ दे. मंग तू घे."

नाना गिरणीच्या दाराशी स्टुलावर बसतात. मधून मधून उठून दोन फेऱ्या मारतात. दळणाचा डबा उचलायला कोणी कंबरेतून वाकलं की ओरडतात, "गुडघे वाकव! डबा अंगाशी धर! वळायचं तर पायांनी वळ, कंबर पिळू नको!" लोक ऐकतात आणि डबा होता तसाच उचलतात. "राहू द्या नाना," ते म्हणतात, "तुम्ही डोक्याकडून आलेले."

लग्नात आता पुढची खुर्ची अक्काला मिळते. नाना मागे बसतात, टेकायला उशी घेऊन.

दिवाळीच्या आसपास तनवीर आला. हातात काठी होती, पण दोन्ही पायांत चपला होत्या आणि त्या पायांतच राहत होत्या. सलीमाच्या डोक्यावर केळ्यांच्या फण्यांनी भरलेली टोपली होती. ओट्यावरच्या रांगेला वाटलं, अक्काला मान द्यायला आले. अक्कानंही पदर सारखा केला. पण दोघं ओटा ओलांडून गिरणीशी आले.

सलीमानं टोपली स्टुलाशी ठेवली. ठेवताना ती गुडघ्यांत वाकली, नाना पाहतच राहिले.

"हे कशाबद्दल?" नानांनी विचारलं. "मी तर काहीच केलं नाही."

"त्याबद्दलच, नाना," सलीमा म्हणाली. "लाथ मारली नाहीत, त्याबद्दल."

 नानांनी एक केळं सोललं, अर्धं तनवीरला दिलं, आणि मग एकदम म्हणाले, "काठी उजव्या हातात का धरली आहेस? पाय उजवा दुबळा ना, मग काठी डाव्या हातात. ज्योत्स्नाला विचार हवं तर."

तनवीरनं काठी डाव्या हातात घेतली. चार पावलं चालून पाहिलं. मागे वळून तो हसला.

गावात नानांचं ऐकणारा तो पहिला माणूस.